लंडन मोठं की न्यूयॉर्क? आधी हद्द कुठली धरलीय ते बघा

प्रश्न असा आहे की लंडन आणि न्यूयॉर्क, दोन्हीची लोकसंख्या ८८ लाखांच्या आसपास दाखवतात, पण क्षेत्रफळ बघायला गेलं तर एका ठिकाणी लंडन न्यूयॉर्कच्या दुप्पट निघतं आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूयॉर्कच लंडनच्या जवळपास पाचपट, मग नक्की मोठं कोणतं आणि दाट वस्तीचं कोणतं?

मी गेली १८ वर्षं शहरांचे नकाशे आणि जनगणनेचा डेटा एकमेकांवर बसवायचं काम करतोय आणि हा गोंधळ दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच. तर तुम्हाला सापडलेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. कुणी चूक केलेली नाही, फक्त पहिला आकडा शहराच्या सरकारी हद्दीतला आहे आणि दुसरा सलग पसरलेल्या वस्तीचा आहे, आणि या दोन शहरांच्या बाबतीत त्या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी सरकारी हद्द घेऊ. लंडन म्हणजे ग्रेटर लंडन, ३२ बरो (बरो म्हणजे शहराचा प्रशासकीय विभाग) आणि मधलं ते जुनं सिटी ऑफ लंडन, सगळं मिळून १,५७२ चौरस किलोमीटर. न्यूयॉर्क म्हणजे पाच बरो, मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स आणि स्टेटन आयलंड, यांची जमीन ७८० चौरस किलोमीटरच्या आसपास. इथेच पहिला खड्डा आहे, कारण काही ठिकाणी न्यूयॉर्कचं क्षेत्रफळ १,२२० च्या आसपास दिलेलं असतं, त्यात खाडी, नद्या, बंदराचं पाणी सगळं धरलेलं असतं. पाण्यावर माणसं राहत नाहीत, त्यामुळे घनता काढताना जमिनीचाच आकडा घ्यायचा. जवळपास एक तृतीयांश हद्द पाण्याखाली असलेलं शहर आहे ते, तिथे हा फरक सोडून चालत नाही.

आता लोकसंख्या. इथे मला दर वेळी नवल वाटतं, इतकी जवळ आहेत ही दोन शहरं. न्यूयॉर्कची २०१० ची जनगणना ८१,७५,१३३ आणि लंडनची २०११ ची ८१,७३,९४१. फरक किती, तर १,१९२ माणसांचा! पुढच्या फेरीत न्यूयॉर्क २०२० ला ८८,०४,१९० आणि लंडन २०२१ ला ८७,९९,८०० च्या आसपास, म्हणजे परत पाच हजारांच्या आत. अटलांटिकच्या दोन बाजूंना, वेगळे देश, वेगळा इतिहास, आणि लागोपाठ दोन जनगणनांमध्ये आकडे असे शेजारी शेजारी येऊन बसलेत. एक लक्षात ठेवा, न्यूयॉर्कची मोजणी १ एप्रिल २०२० ची आणि लंडनची २१ मार्च २०२१ ची, दोन्ही साथीच्या काळातल्या, आणि त्या काळात दोन्हीकडची माणसं इकडची तिकडे झाली होती. त्यामुळे जनगणनेनंतरचे अंदाज वापरायचे असतील तर दोन्ही शहरांचे एकाच वर्षाचे घ्या, एकाचा २०२० चा आणि दुसऱ्याचा २०२४ चा असं करू नका.

तर लोकसंख्या सारखी, जमीन निम्मी, म्हणजे हिशोब सरळ, लंडन चौरस किलोमीटरला ५,६०० माणसं आणि न्यूयॉर्क ११,३०० च्या आसपास. म्हणून लिहून टाकतात की न्यूयॉर्क लंडनपेक्षा दुप्पट दाट आहे. बहुतेक लेख इथेच संपतात आणि मला खरा आक्षेप आहे तो इथेच, कारण या दुप्पटीतला बराचसा भाग रस्त्यावर कुठेच दिसत नाही, तो कागदावरच्या हद्दीने तयार केलाय.

हद्द कधी ठरली ते बघा. न्यूयॉर्कची हद्दवाढ झाली १ जानेवारी १८९८ ला, तोवर ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांपैकी एक, आणि त्या दिवशी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं. सव्वाशे वर्षं झाली, त्यानंतर बाहेर वस्ती कितीही वाढली तरी हद्द तिथेच आहे. पश्चिमेला तर ती वाढूच शकत नव्हती, कारण हडसन नदीच्या पलीकडे न्यूजर्सी हे वेगळं राज्य सुरू होतं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला उभं राहून समोर बघितलं की जर्सी सिटीचे टॉवर दिसतात, नदीखालून जाणारी रेल्वे १९०८ पासून चालू आहे आणि पाच मिनिटांच्या आसपास वेळात पलीकडे सोडते, रोज हजारो लोक इकडून तिकडे कामाला येतात, पण लोकसंख्येच्या तक्त्यात पलीकडचा एकही माणूस न्यूयॉर्कचा धरत नाहीत. (ही राज्याची हद्द किती चिवट असते त्याचं एक उदाहरण, एलिस बेट न्यूयॉर्कचं की न्यूजर्सीचं हा वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९८ ला निकाल लागला की भराव टाकून वाढवलेला बहुतेक भाग न्यूजर्सीचा.)

लंडनची हद्द ठरली १ एप्रिल १९६५ ला, १९६३ च्या कायद्याने. म्हणजे न्यूयॉर्कनंतर ६७ वर्षांनी, तोवर रेल्वे आणि भुयारी रेल्वेच्या मार्गांवरून उपनगरं सगळीकडे पसरून झालेली होती, आणि नवीन हद्द काढणाऱ्यांनी ती जवळजवळ सगळी आत घेतली. नुसती उपनगरंच नाही, कडेची शेतं, जंगलं, खेडीसुद्धा आली. ग्रेटर लंडनच्या जमिनीपैकी साधारण २२ टक्के जमीन ग्रीन बेल्ट आहे, म्हणजे जिथे नवीन बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही अशी. शिवाय आत मोठमोठे पार्क, एकट्या रिचमंड पार्कचंच क्षेत्रफळ साडेनऊ चौरस किलोमीटर आहे.

एका शहराचा नकाशा अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यासारखा आहे आणि दुसऱ्याचा ऐसपैस, मग वजनाला भागिले कपड्याचं माप केलं तर काय कळणार?

हे पटवायला मी लोकांना दोन छोटे हिशोब करून दाखवतो. पहिला, लंडनचं फक्त आतलं लंडन घ्या, म्हणजे मधले १२ बरो आणि सिटी. जमीन ३१९ चौरस किलोमीटर, २०२१ ला लोकसंख्या ३४ लाख. घनता आली १०,६०० च्या पुढे, न्यूयॉर्क शहराच्या ११,३०० च्या अगदी जवळ. दुसरा हिशोब उलट बाजूने, न्यूयॉर्कला लंडनएवढं करून बघा. पाच बरोंना नदीपलीकडची हडसन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) जोडा, १२० चौरस किलोमीटर आणि ७.२५ लाख माणसं, आणि पूर्वेला क्वीन्सला चिकटलेली नॅसो काउंटी जोडा, ७३७ चौरस किलोमीटर आणि जवळपास १४ लाख माणसं. एकूण जमीन झाली १,६३७ चौरस किलोमीटर, म्हणजे लंडनपेक्षा किंचित जास्त, आणि माणसं १ कोटी ९ लाख. घनता ६,७०० च्या आसपास. लंडनची ५,६००. दुप्पटीचा फरक होता तो घसरून सव्वापटीच्याही खाली आला, आणि यात एकही माणूस किंवा इमारत हललेली नाही, फक्त हद्द सरकवली.

माझ्या मते एवढ्याच आकाराच्या जमिनीवर न्यूयॉर्क लंडनपेक्षा थोडं जास्त माणसं सामावतं, हे या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. दुप्पट वगैरे नाही.

आता तुमच्या त्या पाचपटीकडे येऊ. सरकारी हद्द सोडून सलग वस्ती मोजायची म्हटली की न्यूयॉर्कची वस्ती २०२० च्या अमेरिकन जनगणनेप्रमाणे १ कोटी ९४ लाख माणसं आणि ८,४०० चौरस किलोमीटर. लंडनची सलग वस्ती २०११ च्या मोजणीत ९७.९ लाख आणि १,७३८ चौरस किलोमीटर. भागाकार करून बघा, न्यूयॉर्क २,३०० आणि लंडन ५,६००. म्हणजे चित्र पूर्ण फिरलं, आता लंडन न्यूयॉर्कच्या दुपटीहून जास्त दाट! ऐकणाऱ्याला वाटतं टायपिंगची चूक असेल, पण चूक नाही, मॅनहॅटनचा फोटो डोक्यात ठेवून आपण अख्ख्या न्यूयॉर्क परिसराची कल्पना करतो म्हणून ते पटत नाही. खरं तर त्याच जनगणनेत लॉस एंजेलिसची सलग वस्तीसुद्धा न्यूयॉर्कपेक्षा दाट निघाली आहे.

याचं कारण दोन्हीकडच्या धोरणात आहे. लंडनने १९३८ च्या कायद्यापासून भोवती मोकळी जमीन राखायला सुरुवात केली, १९४४ च्या नगररचनाकार पॅट्रिक अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या आराखड्यात हिरव्या पट्ट्याची कल्पना पक्की झाली आणि १९४७ च्या नियोजन कायद्याने त्याला दात मिळाले. वाढणारी माणसं त्या पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे गेली, स्टीव्हनेज, हार्लो, क्रॉली, नंतर मिल्टन कीन्स अशी नवीन गावं वसवली गेली. तिथून लोक रोज ट्रेनने लंडनला कामाला येतात, पण मधे शेतं आहेत म्हणून ती गावं सलग वस्तीच्या आकड्यात येत नाहीत. न्यूयॉर्कभोवती असा पट्टा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर हायवे आणि गृहकर्ज दोन्ही सहज मिळायला लागलं आणि बंगलीवजा घरांची उपनगरं पसरत गेली, १९४७ ला नॅसो काउंटीत लेव्हिटटाउन सुरू झालं, पाहता पाहता १७ हजारांवर घरं उभी राहिली, प्रत्येकाला अंगण, प्रत्येकाला गाडीची जागा. तशी वस्ती लाँग आयलंड, न्यूजर्सी, कनेक्टिकटमध्ये मैलोन्‌मैल आहे. जमीन भरपूर खाते, माणसं कमी मावतात.

पण इथेही एक सावधगिरी. ब्रिटनमध्ये सलग वस्ती मोजताना प्रत्यक्ष बांधलेली जमीन धरतात, दोन वस्त्यांमध्ये २०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्या जोडतात. अमेरिकेत जनगणनेचे छोटे ब्लॉक घेऊन त्यात घरं किती दाट आहेत यावर ठरवतात, आणि ब्लॉक आला की त्यातली मोकळी जागाही आली. म्हणजे मोजपट्टीच वेगळी आहे, त्यामुळे ८,४०० आणि १,७३८ हे थेट एकमेकांसमोर ठेवून पाचपट म्हणणं मला पटत नाही. न्यूयॉर्कची वस्ती लंडनपेक्षा खूप जास्त पसरलेली आहे एवढं नक्की, पण पाच हा आकडा त्या वेगळ्या मोजपट्ट्यांमुळे फुगलेला आहे.

वेगवेगळ्या खंडातली शहरं तुलायची असतील तर आता एक चांगला मार्ग आहे, मार्च २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने त्याला मान्यता दिली. अख्ख्या जगावर एक-एक चौरस किलोमीटरची चौकट टाकायची, ज्या चौकटीत किमान १,५०० माणसं राहतात त्या शेजारच्या चौकटी जोडत जायच्या, आणि सगळ्या मिळून ५० हजार लोक झाले की त्याला शहर म्हणायचं. राज्य कुठलं, महापालिका कुणाची, नदीच्या अलीकडे की पलीकडे, काही बघायचं नाही. मला मनापासून वाटतं की दोन खंडांमधल्या शहरांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने हीच पद्धत आधी बघावी.

अजून एक गोष्ट, नकाशे शेजारी ठेवून बघणाऱ्यांसाठी. काही वर्षांपूर्वी एका कामात आमच्याकडे स्लाइड आली, कुणीतरी ऑनलाइन मॅपवर सारख्याच झूमला दोन्ही शहरांचे स्क्रीनशॉट काढून एकावर एक बसवले होते आणि खाली लिहिलं होतं की लंडनमध्ये तीन न्यूयॉर्क मावतात. ज्याने केलं त्याने मन लावून केलं होतं, हद्दीच्या रेषाही अचूक होत्या. पण ऑनलाइन मॅप मर्केटर प्रक्षेपणावर चालतात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या एका पद्धतीवर, त्यात विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितकी जमीन ताणली जाते. लंडन ५१.५ अंशांवर आहे, तिथे लांबी १.६ पट ताणलेली असते, न्यूयॉर्क ४०.७ अंशांवर, तिथे १.३२ पट. क्षेत्रफळ काढायचं तर या आकड्यांचा वर्ग करा, लंडन अडीचपटीच्या थोडं वर आणि न्यूयॉर्क पावणेदोनपट. म्हणजे सारख्या झूमला लंडन न्यूयॉर्कच्या तुलनेत जवळपास दीडपट मोठं दिसतं, खऱ्या दुपटीची तिप्पट तिथूनच झाली. कोपऱ्यातली स्केलची पट्टी बघा, मॅपमध्ये उत्तरेकडे गेलात की तीच लांबीची पट्टी कमी किलोमीटर दाखवायला लागते. स्क्रीनशॉट घ्यायचेच असतील तर झूम सारखा ठेवू नका, दोन्हीची स्केलपट्टी सारखी करा.

आणि चौरस मैल! अमेरिकन आकडे मैलात येतात. ३०२ चौरस मैल बघून लोक १.६ ने गुणतात आणि ४८३ लिहितात, गुणायचं २.५९ ने असतं, ७८२ येतात. ही चूक मी छापील अहवालातसुद्धा बघितली आहे.

दाटी मोजताना सरासरी माणसाला काय अनुभव येतो हे विचारायचं असेल तर साध्या भागाकाराने भागत नाही. न्यूयॉर्कची ११,३०० ही सरासरी, पण मॅनहॅटनमध्ये २८,७०० आणि स्टेटन आयलंडला ३,३०० च्या आसपास. प्रत्येक बरोची घनता तिथल्या माणसांच्या प्रमाणात धरून सरासरी काढली, म्हणजे जिथे जास्त माणसं राहतात त्या दाटीला जास्त वजन दिलं, तर आकडा ११,३०० वरून १५,००० वर जातो. छोट्या वॉर्डांवर हाच हिशोब केला तर अजून वर जाईल. लंडनमध्ये सगळ्यात दाट बरो टॉवर हॅम्लेट्स, १५,७०० च्या आसपास, म्हणजे मॅनहॅटनच्या साधारण निम्मा. न्यूयॉर्कचं शिखर लंडनपेक्षा खूप उंच आहे हे मात्र कुठल्याही पद्धतीने मोजलं तरी खरंच राहतं.

त्यातही उंच इमारती म्हणजे जास्त माणसं असं धरू नका. मॅनहॅटनची लोकसंख्या सगळ्यात जास्त होती १९१० ला, २३ लाखांच्या वर, तेव्हा एम्पायर स्टेट बिल्डिंगसुद्धा नव्हती. आज १७ लाखांच्या आत आहे. एकेका खोलीत चार-पाच माणसं राहायची ती बाहेरच्या बरोंमध्ये गेली आणि जमिनीवर ऑफिसं आली. सिटी ऑफ लंडनमध्ये तर हे टोकाला गेलंय, तीन चौरस किलोमीटरच्याही आत जागा, राहणारी माणसं २०२१ ला ८,६०० च्या आसपास आणि कामाला येणारी पाच लाखांहून जास्त. रात्री मोजलं तर खेडं, दुपारी मोजलं तर जगातल्या सगळ्यात गर्दीच्या जागांपैकी एक. जनगणना रात्रीची माणसं मोजते, बस, लिफ्ट, पाणी, शौचालयं यांचं नियोजन करणाऱ्याला दुपारची लागतात.

तुम्हाला आकडे कशासाठी हवेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो. शहराचं बजेट, महापौरांचे अधिकार, पोलिसांची संख्या असं काही तुलायचं असेल तर सरकारी हद्दच घ्या, १,५७२ आणि ७८०, कारण पैसा आणि अधिकार त्या हद्दीतच चालतात. घरभाडं, प्रवासाचा वेळ, नोकऱ्या असं काही असेल तर हद्द विसरा आणि पूर्ण परिसर घ्या. आणि कुठलाही आकडा लिहिलात की शेजारी वर्ष आणि हद्द लिहा.

हा फरक जमिनीवर कसा दिसतो ते बघायचं असेल तर दोनच बरो उघडा. लंडनमधला सगळ्यात मोठा बरो ब्रॉम्ली आणि न्यूयॉर्कमधलं स्टेटन आयलंड, दोन्ही साधारण १५० चौरस किलोमीटर. ब्रॉम्लीत ३.३ लाख माणसं, स्टेटन आयलंडला ४.९६ लाख, आणि गंमत म्हणजे स्टेटन आयलंडला न्यूयॉर्कमधले लोक मोकळं उपनगर समजतात. ब्रॉम्लीच्या दक्षिणेला सॅटेलाइट व्ह्यूवर जा, शेतं दिसतील, झाडांच्या कुंपणाच्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतील, आणि त्यात डाउन नावाचं एक खेडं दिसेल. चार्ल्स डार्विन १८४२ ला लंडनची गर्दी सोडून तिथे राहायला गेले आणि शेवटपर्यंत, १८८२ पर्यंत, तिथेच राहिले. तेव्हा ते गाव केंटमध्ये होतं. १९६५ पासून ते ग्रेटर लंडनमध्ये मोजतात, आणि घराभोवती अजूनही शेतंच आहेत.